कन्सोलवर सिनेमा: दोष डिस्कचा कमी, सेटिंगचा जास्त

पडद्यावर कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे फिरतोय, पण मागच्या इमारती सलग सरकत नाहीत. बारीक बारीक हिसके देत पुढे जातात. तीच डिस्क, तोच टीव्ही, पण कन्सोल काढून साधा ब्लू-रे प्लेअर जोडला की हिसके गायब. मग सगळे म्हणतात, गेमचं मशीन ते, त्याला सिनेमा काय जमणार! हे बोलणं कन्सोलवर अन्याय करणारं आहे. डिस्क वाचणारं लेझर आणि चित्र उलगडणारी चिप, दोन्ही बाबतीत आजचा कन्सोल स्वतंत्र प्लेअरच्या तोडीचा असतो. फक्त तो बसवलेला असतो गेमसाठी, आणि गेम व सिनेमा यांच्या गरजा जवळजवळ उलट्या आहेत. गेमला सेकंदाला जितक्या जास्त चौकटी (फ्रेम) मिळतील तितक्या हव्या असतात. सिनेमाला चोवीसच पुरतात, पण त्या ठरल्या क्षणी पडद्यावर यायला हव्यात.

कन्सोलमध्ये सिनेमा शिरला तो डिस्कच्या वाटेने. ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ आला, किंमत ३९,८०० येन. त्या वेळी बाजारातले कित्येक डीव्हीडी प्लेअर याहून महाग होते, त्यामुळे गेममध्ये फारसा रस नसलेल्यांनीही तो घेतला. गेमच डीव्हीडीवर येणार म्हटल्यावर ड्राइव्ह आलाच होता, आणि डीव्हीडीवर एमपेग-२ पद्धतीने दाबून भरलेलं चित्र उलगडायला मुख्य चिपमध्येच वेगळा विभाग होता. राहिलं ते सॉफ्टवेअर. जपानमधल्या पहिल्या मशीनना ते मेमरी कार्डवर दिलं होतं आणि नंतरच्या मशीनमध्ये ते आतच बसवलं. २००१च्या एक्सबॉक्समध्येही ड्राइव्ह डीव्हीडीचाच होता, तरी सिनेमा लावायचा तर रिमोट आणि त्याचा रिसीव्हर असा संच वेगळा विकत घ्यावा लागे. डीव्हीडी व्हिडिओच्या परवान्याचे पैसे कुठूनतरी वसूल करायचेच होते. निन्टेंडोच्या गेमक्यूबने ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क निवडून हा प्रश्नच निकालात काढला. त्यात नेहमीची डीव्हीडी बसायचीच नाही.

खरी चुरस झाली २००६ साली. प्लेस्टेशन ३मध्ये ब्लू-रे ड्राइव्ह आतच होता, तर एक्सबॉक्स ३६०साठी ब्लू-रेच्या प्रतिस्पर्धी डिस्कचा, एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह बाहेरून जोडायचा होता. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं जाहीर केलं. ब्लू-रेच्या विजयामागे स्टुडिओंचे करार होतेच, पण लाखो घरांत गेमच्या निमित्ताने आधीच जाऊन बसलेल्या ब्लू-रे ड्राइव्हचा वाटाही मोठा होता.

ब्लू-रेमध्ये जास्त का मावतं, याचं गणित हातानेही करता येतं. लेझरचा ठिपका किती बारीक होईल हे दोन गोष्टींवर ठरतं: प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंगाची प्रकाश एकवटण्याची ताकद. पहिलीला दुसरीने भागायचं. डीव्हीडीचं तांबडं लेझर ६५० नॅनोमीटरचं आणि भिंगाचा आकडा ०.६०, म्हणजे भागाकार १०८३. ब्लू-रेचं जांभळट निळं लेझर ४०५ नॅनोमीटरचं आणि भिंग ०.८५, म्हणून ४७६. ठिपका सव्वादोन पटींहून थोडा अधिक लहान झाला. त्यामुळे डिस्कवर लांबीतही जागा वाचते आणि रुंदीतही वाचते, म्हणून वर्ग करायचा: सुमारे ५.२. डीव्हीडीच्या एका थराचे ४.७ जीबी गुणिले ५.२ केले की साडेचोवीसच्या आसपास उत्तर येतं, आणि ब्लू-रेच्या एका थराची क्षमता आहे २५ जीबी.

या बारीक ठिपक्याची किंमत धुळीच्या रूपाने मोजावी लागते. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागाच्या ०.६ मिलिमीटर खाली असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिलिमीटर. लेझरचा झोत शंकूसारखा निमुळता होत आत जातो. डीव्हीडीच्या पृष्ठभागावर त्याचं वर्तुळ साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, ब्लू-रेच्या पृष्ठभागावर त्याच्या जेमतेम पाव. तेवढाच धुळीचा कण डीव्हीडीवर झोताचा कोपरा अडवतो, ब्लू-रेवर मोठा भाग झाकून टाकतो. त्यामुळे दुसऱ्या थरावर गेल्यावर, किंवा सिनेमाच्या एका ठरावीक मिनिटाला चित्र चौकोनी तुकड्यांत फुटत असेल तर आधी डिस्क उजेडात तिरकी धरून पाहा. बोटाचा ठसा बहुधा सापडतोच. मऊ, धाग्यांची लव न सोडणाऱ्या कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका: माहिती गोलाकार मार्गावर असते, आणि त्याच दिशेने पडलेला चरा सलग कितीतरी माहिती खाऊन टाकतो. आडवा चरा प्रत्येक फेरीत थोडीशीच माहिती बिघडवतो आणि ती चूक दुरुस्त करण्याची सोय डिस्कवरच असते. डीव्हीडी घासून चकाकवणारी यंत्रं मिळतात, ती ब्लू-रेला लावू नका. त्या ०.१ मिलिमीटरच्या थरात घासण्याजोगं काही उरलेलं नसतं.

आता त्या हिसक्यांकडे वळू. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींत चित्रित होतो आणि कन्सोल टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. ६० भागिले २४ म्हणजे अडीच, आणि एखादी चौकट अडीच वेळा दाखवता येत नाही. म्हणून पहिली तीन वेळा, दुसरी दोन वेळा, पुन्हा तीन, पुन्हा दोन असा क्रम लावतात. एक चौकट पडद्यावर ५० मिलिसेकंद राहते आणि पुढची ३३. सरासरी बरोबर येते, पण डोळा सरासरी पाहत नाही, हालचालीचा माग काढतो. संथ फिरणाऱ्या कॅमेऱ्यात ही लंगडी चाल लगेच उघडी पडते. धावपळीच्या दृश्यात ती सहसा कळत नाही.

यावर उपाय म्हणजे टीव्हीला २४ हर्ट्झमध्येच, म्हणजे सेकंदाला २४ वेळाच चित्र पाठवणं. मग प्रत्येक चौकटीला सारखेच ४१.७ मिलिसेकंद मिळतात, आणि १२० हर्ट्झचा टीव्ही तीच चौकट पाच वेळा दाखवतो. एक्सबॉक्समध्ये टीव्ही आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ मोड आहेत, तिथे २४ हर्ट्झला परवानगी देण्याची खूण असते. प्लेस्टेशनवर २४ हर्ट्झची सोय डिस्क प्लेअरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असते, ती ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. सेटिंग लागू झालं की सिनेमा सुरू होताना पडदा एखादा क्षण काळा होतो. तो बिघाड नव्हे, टीव्ही ६०वरून २४वर येतोय. उलट सिनेमा सुरू होताना पडदा कधीच काळा होत नसेल, तर २४ हर्ट्झ लागलेलंच नाही असं बहुतेक वेळा समजावं.

यातही एक खोच आहे. डिस्कवरचा सिनेमा बहुधा नेमका २४ नसून २३.९७६ असतो. १९५३च्या अमेरिकी रंगीत टीव्हीच्या मानकात रंगाचा संकेत आवाजाच्या संकेताशी भांडू नये म्हणून चौकटींचा वेग हजारात एकाने कमी केला होता, त्याचा हा वारसा. डिस्क, कन्सोल आणि टीव्ही या साखळीत कुठे नेमके २४ धरले गेले, तर दर ४२ सेकंदांनी एक चौकट पुन्हा दाखवावी लागते. घड्याळ लावून पाहिल्यासारखा ठरावीक अंतराने एकच हिसका बसत असेल तर कारण हे.

टीव्हीचा गेम मोडही इथे आडवा येतो. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी व्हावा म्हणून तो मोड चित्रावरची बरीचशी प्रक्रिया बंद ठेवतो. सिनेमाला त्या घाईचा उपयोग शून्य. कन्सोल जोडलेल्या इनपुटला गेम मोड कायमचा चिकटवलेला असेल तर तो काढा आणि टीव्हीचा सिनेमा मोड निवडा.

यानंतरची नेहमीची तक्रार काळ्या रंगाची. अंधाऱ्या खोलीत काळा कोट घातलेला माणूस उभा आहे. कोटाच्या घड्या, कॉलरची कड, खांद्यावरची शिलाई असं सगळं दिसायला हवं. दिसतो मात्र एक सपाट काळा डाग. सिनेमाच्या चित्रात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ असे आकडे धरलेले असतात. संगणकाच्या आणि गेमच्या जगात हीच मोजपट्टी ० ते २५५ असते. कन्सोल पूर्ण मोजपट्टीत पाठवतोय आणि टीव्ही मर्यादित समजून वाचतोय, तर १६च्या खालचं सगळं कोळसा होतं आणि कोटाच्या घड्या त्यातच जातात. उलटं झालं तर काळा रंग राखाडी दिसतो आणि अख्ख्या चित्रावर धुकं पसरल्यासारखं वाटतं. प्लेस्टेशनवर आरजीबी रेंज ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘लिमिटेड’ ठेवा, एक्सबॉक्सवर रंगाची जागा ‘स्टँडर्ड’ ठेवा, आणि टीव्हीतली काळ्याची पातळी त्याच्याशी जुळवा. दोन्हीकडे ‘फुल’ जुळलं तरी चालतं. बिघडतं ते न जुळण्याने. चित्राची ब्राइटनेस वाढवून हा दोष झाकू नका, त्याने घड्या परत येत नाहीत.

सिनेमा लागतच नाही, पडदा काळाच राहतो किंवा चोरीविरोधी संरक्षणाबद्दलचा संदेश येतो, तेव्हा एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल होऊ नये म्हणून केबलवरून जाणाऱ्या संकेताला लावलेलं कुलूप, तपासा. प्लेस्टेशन ४ आणि ५मध्ये गेमचं चित्रण बाहेरच्या यंत्राने करता यावं म्हणून हे कुलूप बंद करण्याची सोय आहे. कुणीतरी ते बंद करतं, गेम उत्तम चालतात, आणि महिनाभराने सिनेमा लावला की तो अडून बसतो. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा सुरू केलं की काम झालं.

केबलच्या बाबतीत उगाच खर्च होतो. ४केचं ६० हर्ट्झ चित्र जवळपास १८ गिगाबिट प्रतिसेकंद मागतं, पण २४ हर्ट्झचा एचडीआर (उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असलेला) सिनेमा साधारण ११ गिगाबिटमध्ये बसतो. म्हणूनच कमकुवत केबलवर मुख्य मेनूत पांढरे ठिपके लुकलुकतात आणि सिनेमा मात्र स्वच्छ दिसतो, असा विचित्र प्रकार घडतो.

आवाज स्पीकरना जोडलेल्या ऑडिओ रिसीव्हरवर उलगडायचा असेल तर प्लेस्टेशनवर डिस्क चालू असताना ऑप्शन्स बटण दाबून ऑडिओ फॉरमॅट ‘बिटस्ट्रीम’ करा, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे जातो. कन्सोलच्या मुख्य ध्वनी सेटिंगमध्ये हे शोधत बसणाऱ्यांना ते सापडत नाही.

काही गोष्टी मात्र सेटिंगने सुटत नाहीत. प्लेस्टेशन ४ आणि त्याची प्रो आवृत्ती ४के ब्लू-रे वाचत नाहीत. एक्सबॉक्स वन एस, वन एक्स, सिरीज एक्स आणि ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ वाचतात. सिरीज एसला ड्राइव्हच नाही. डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच पुढचा प्रकार) प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एक्स दोन्ही दाखवत नाहीत, त्याखालचं साधं एचडीआर दाखवतात. प्लेस्टेशन ४ आणि ५ला गाण्याची सीडी वाजवता येत नाही, आणि प्लेस्टेशन ३ला येते, हे पाहून अनेकजण चक्रावतात.

पेनड्राइव्हवरून घरचं चित्रण पाहायचं असेल तर आधी त्याचं फॉरमॅट पाहा. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीहून मोठी बसत नाही. दोन तासांचा सिनेमा तेवढ्यात कोंबायचा तर सेकंदाला ४.८ मेगाबिटही मिळत नाहीत. एक्सफॅट वापरा. एनटीएफएस केलेला ड्राइव्ह प्लेस्टेशन ओळखतच नाही. आणि फाइलच्या नावापुढचं एमकेव्ही किंवा एमपी४ म्हणजे नुसता डबा. आत चित्र कोणत्या पद्धतीने भरलंय हे त्यावरून कळत नाही, म्हणून एक एमकेव्ही चालते आणि शेजारची चालत नाही. एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज ही जोडी सहसा दगा देत नाही.

जुना प्लेस्टेशन ३ आजही सिनेमासाठी चांगला आहे. त्याचा सेल प्रोसेसर चित्र सॉफ्टवेअरने उलगडायचा, त्यामुळे विकल्यानंतरही त्याला नव्या करामती शिकवता आल्या: २००७ साली डीव्हीडीचं चित्र मोठ्या रेझोल्यूशनला चढवणं, २०१० साली थ्रीडी ब्लू-रे. मात्र तो वर्षानुवर्षं इंटरनेटशिवाय पडून असेल तर नवी डिस्क घातल्यावर एन्क्रिप्शन की नव्याने घ्या असा संदेश येतो. ब्लू-रेच्या कुलपाच्या किल्ल्या मुदतीच्या असतात आणि अपडेटबरोबर नव्या मिळतात. घरात नेट नसेल तर फॅट३२ पेनड्राइव्हवर पीएस३ नावाचं फोल्डर करा, त्याच्या आत अपडेट नावाचं दुसरं, दोन्ही नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. निर्मात्याच्या साइटवरची फाइल तिचं नाव न बदलता त्यात टाका आणि सिस्टिम अपडेटमधून स्टोरेज मीडियाचा पर्याय निवडा. ब्राउझरने फाइलच्या नावापुढे कंसात १ जोडला असेल तर तो काढा, नाहीतर मशीन अपडेट सापडलं नाही असंच सांगत राहतं.