सायकलला मोटर लावताय? २५० वॅट भरपूर झाले

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, २०२१ च्या डिसेंबरात घराघरातल्या मोबाईलवर पोचलं, कारण तिथल्या एका कारागिराने भंगारातल्या सामानातून छोटीशी जीप बनवली होती आणि ती चक्क बाईकसारखी किक मारून चालू व्हायची. आनंद महिंद्रांनी तोंडभरून कौतुक केलं, पण सोबत हेही सांगितलं की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या कुणीतरी अडवणारच, आणि तिच्या बदल्यात त्या माणसाला नवी बोलेरो दिली. ज्याचे हात शिवशिवतात त्या प्रत्येकाची हीच अडचण असते, बनवू तर शकतो पण चालवायची कुठे?

माझ्या मते घरी करून बघायला सगळ्यात चांगलं वाहन म्हणजे बॅटरीवरची सायकल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिच्यासाठी वेगळी जागा आहे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, २५ किमीचा स्पीड आला की मोटरची मदत बंद, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, एवढं असेल तर ती मोटार वाहन धरली जात नाही. आता यात एक मेख आहे, ती म्हणजे हे सगळं अधिकृत चाचणी संस्थेने तपासून पास केलेलं असावं लागतं, पुण्याची एआरएआय त्यातलीच एक. कंपनीचं मॉडेल असं पास होऊन दुकानात येतं, घरी केलेलं येत नाही, हे डोक्यात ठेवूनच कामाला लागा आणि निदान त्या आकड्यांच्या बाहेर तरी जाऊ नका.

कारण ते आकडे नुसते सरकारी नाहीत, त्यामागे फिजिक्स आहे. माणूस, सायकल, बॅटरी मिळून १०० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर १५ च्या स्पीडला साधारण ६० वॅट लागतात, तेवढे आपले पाय आरामात देतात. २५ च्या स्पीडला लागतात १७० च्या आसपास. आणि ४० ला? साडेपाचशेच्या वर! स्पीड दीडपटीपेक्षा थोडा जास्त वाढला आणि पॉवर तिप्पट झाली, कारण हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोडायला लागणारी पॉवर घनाने. म्हणजे १००० वॅटचं किट घेणारे जास्तीचा पैसा नुसती हवा ढकलण्यावर घालवतात. त्यात ४० च्या स्पीडला सायकलच्या अंगात २५ च्या अडीचपट ऊर्जा असते आणि ती सगळी त्याच दोन रबरी ब्रेकांनी जिरवायची असते, त्यामुळे मला हा प्रकार अजिबात पटत नाही.

मग चढाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. दर १०० मीटरला ५ मीटर चढ असेल तर १५ च्या स्पीडला २६० वॅटच्या आसपास लागतात, म्हणजे मोटरने दोनशे दिले आणि तुम्ही साठ दिले की झालं. पण पाय सोडून बसलात आणि स्पीड ६-७ वर आला तर मात्र मोटर अडचणीत येते. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करत असते आणि त्यानेच करंट आटोक्यात राहतो, फिरणं मंदावलं की हा उलटा व्होल्टेज कमी होतो, करंट कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला करंट मोजून देणाऱ्या डब्याच्या, लिमिटपर्यंत चढतो आणि बॅटरीतली बरीचशी ऊर्जा चाक फिरवण्याऐवजी तांब्याची वायंडिंग तापवण्यात जाते. म्हणून घाटात पेडल मारत राहायचं, मोटर मदतीला आहे.

मोटर बसवताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते चिमट्याच्या खाचेकडे, म्हणजे चाकाचा ॲक्सल जिथे बसतो तिकडे. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा ॲक्सल तेवढ्याच जोराने उलटा फिरायला बघतो. साध्या चाकात ॲक्सलवर असा पीळ येतच नाही त्यामुळे सायकलचा चिमटा त्यासाठी बनवलेलाच नसतो, आणि इथे खाचेच्या कडांवर शेकडो किलोचा दाब येतो. खाच फाकली की ॲक्सल गर्रकन फिरतो, वायरी पिळवटून तुटतात, आणि पुढचं चाक असेल तर ते निखळून माणूस तोंडावर पडतो. यावर उपाय स्वस्त आहे, टॉर्क आर्म नावाची जाड लोखंडी पट्टी, एक टोक ॲक्सलच्या चपट्या भागात घट्ट बसणारं आणि दुसरं चिमट्याला आवळलेलं. ही पट्टी लावल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढूच नका. ॲल्युमिनियमच्या चिमट्यात तर पुढे मोटर लावूच नये, तो वाकत नाही, सरळ तडकतो.

आता बॅटरी, आणि इथे घाई करू नका. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम आयनचे १८६५० सेल, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, असे १० गट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक गटात अडीच अँपिअर-अवरचे ४ सेल घेतले तर एकूण ४० सेल, ३६० वॅट-अवर, म्हणजे ३६० वॅट तासभर देण्याइतकी ऊर्जा, आणि वजन जेमतेम दोन किलो. थोडंफार पेडल मारलं तर ३०-३५ किमी आरामात. हाच व्होल्टेज आणि जवळपास तेवढीच क्षमता लेड ॲसिडमध्ये घ्यायची तर बारा किलो उचलायचे.

जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक बनवायचे व्हिडिओ खूप फिरतात आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र आले की कमजोर गट सगळ्यात आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला आणखी खाली ओढतात. फार खाली गेलेल्या सेलच्या आत तांबं विरघळतं, पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी जमा होतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. मग सेल तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि आतलं रसायन तापल्यावर स्वतःच ऑक्सिजन सोडतं त्यामुळे ओल्या गोणपाटाने ती आग विझत नाही, भरपूर पाणी मारून थंडच करावी लागते. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या आणि त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले, ते उगाच नाही.

म्हणून पहिला पॅक तयार घ्या, चांगल्या बीएमएसचा, म्हणजे प्रत्येक गटाचा व्होल्टेज बघून वेळेवर तोडणारा बोर्ड असलेला. पुढे शिकून स्वतः बनवायचाच असेल तर सगळे सेल नवे आणि एकाच लॉटचे घ्या, सेलवर थेट सोल्डरिंग करू नका कारण तेवढ्या उष्णतेने आतला पातळ पडदा खराब होतो, त्याऐवजी निकेलची पट्टी स्पॉट वेल्डरने लावा. पट्टी खरंच निकेलची आहे का ते घरीच कळतं, थोडी खरवडून मिठाच्या पाण्यात टाका, दुसऱ्या दिवशी गंज दिसला तर ती वरून निकेल चढवलेली स्टीलची पट्टी आहे, ती करंटला जास्त अडते आणि तापते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा. आणि रात्री सगळे झोपलेले असताना जिन्यात किंवा दाराजवळ चार्जिंगला लावू नका, पेटलीच तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

ब्रेकच्या लिव्हरमध्ये कट-ऑफ स्विच असलाच पाहिजे, बोट दाबलं की मोटर बंद. चाक वर टांगून तो नीट तपासा, मगच सीटवर बसा. बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये एक वॅटमीटर लावला तर खरी मजा येते, प्रत्येक फेरीला किती वॅट-अवर गेले ते दिसतं. तेवढ्याच रस्त्यावर एकदा २० ने आणि एकदा २५ ने जाऊन बघा, टायरमध्ये हवा कमी असताना आणि भरल्यावर बघा, आणि सगळे आकडे वहीत लिहून ठेवा, दुसरा पॅक केवढा घ्यायचा ते त्या वहीतूनच ठरवता येईल.