आंघोळ किती दिवसांनी? आधी ब्रश किती दिवसांनी करता ते सांगा

आमच्या ग्रूमिंगच्या दुकानात, म्हणजे जिथे कुत्र्यांना आंघोळ घालून, विंचरून त्यांचे केस कापतात तिथे, कुत्र्याला घेऊन पहिल्यांदा येणारे बहुतेक जण दारातच विचारतात, "याला आंघोळ किती दिवसांनी घालायची?" त्यावर आमचा उलटा प्रश्न ठरलेला असतो, "ब्रश किती दिवसांनी करता?" मग जरा शांतता. "तसा करतोच हो, पण..." त्या 'पण'साठीच हे माहितीपत्रक छापलं आहे.

दर आठवड्याला घेऊन या, असं सांगणं आमच्या गल्ल्याच्या सोयीचं आहे. पण धडधाकट कुत्रा दर आठवड्याला खसाखसा धुतला, की थोड्याच दिवसांत त्याला कोंडा होतो, खाज सुटते, आणि मग ते निस्तरायला आमच्याच हातात येतं. त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

कातडी दिसते तेवढी दणकट नसते

इतक्या केसांखाली झाकलेली म्हणून कुत्र्याची कातडी आपल्याला जाड वाटते. प्रत्यक्षात तिचा सगळ्यात वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो. आपल्याकडे साधारण १० ते १५ पेशींची चवड, तर कुत्र्याच्या अंगावर बहुतेक ठिकाणी ३ ते ५ पेशींची. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्यातून झिरपणारा स्निग्ध लेप कातडीतलं पाणी धरून ठेवतो आणि केसावर चकाकी आणतो. शाम्पू मळ काढतो तेव्हा हा लेपही काढतो. तो परत जमायला वेळ लागतो, आणि दोन आंघोळींमध्ये किमान तेवढं अंतर हवं. सगळं गणित एवढंच आहे.

"पण अंगाला घाम येत असेल ना?" आपल्यासारखा नाही येत. थंड होण्यासाठी कुत्रा धापा टाकतो. आपल्यासारखा घाम त्याला येतो तो पंजांच्या गाद्यांना. त्यामुळे आपण ज्या कारणासाठी रोज आंघोळ करतो ते कारण त्याला लागूच पडत नाही.

शाम्पूबद्दल दोन शब्द. माणसाच्या त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे आम्लाकडे झुकलेला असतो. कुत्र्याचा उदासीन बाजूला, साधारण ६ ते ७.५ असतो. आपला शाम्पू आपल्या त्वचेसाठी बनवलेला आहे. लहान बाळाचा शाम्पू अडीअडचणीला एकदा वापरला तर आभाळ कोसळत नाही, पण तो नेहमीचा करू नका. भांडी घासायचं लिक्विड मात्र अंगाला लावूच नका. तव्यावरचं तेल काढण्यासाठी बनवलेली गोष्ट ती, कातडीवरचंही तेवढ्याच निष्ठेने काढते. आणि टी ट्री तेल 'नैसर्गिक' आहे म्हणून चोळू नका. कुत्र्यांना ते विषारी ठरू शकतं, त्यातून तो ते चाटणार.

तरी अंदाजे किती दिवसांनी?

बॉक्सर, डॉबरमन असे आखूड, गुळगुळीत केसांचे कुत्रे दोन-तीन महिने आंघोळीशिवाय मजेत राहतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, हस्की यांच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली दाट मऊ लव. यांनाही दोन-तीन महिन्यांचं अंतर चालतं, मात्र ब्रश चुकवायचा नाही. शित्झू, माल्टीज, पूडल यांचे केस वाढतच राहतात, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांनी आंघोळ आणि जोडीला कातरणी. बॅसेट हाउंडसारखे जात्याच तेलकट अंगाचे कुत्रे थोडे लवकर धुवावे लागतात. ज्यांच्या अंगावर केसच नाहीत अशा जातींना तर त्याहूनही लवकर, कारण तेल शोषून घ्यायला केस नसतात आणि ते कातडीवरच साचतं. ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा औषधी शाम्पू सांगितला असेल तर डॉक्टरांचं ऐका, आमचं नाही.

घरात कोणाला कुत्र्याची ॲलर्जी आहे म्हणून वारंवार धुणारेही भेटतात. धुतल्यावर त्याच्या अंगावरचं ॲलर्जी आणणारं द्रव्य कमी होतं हे खरं, पण काही दिवसांत ते पुन्हा पहिल्यासारखं वाढतं. तेवढ्यासाठी आठवड्यातून दोनदा धुणं चालवायचं असेल तर शाम्पू फारच सौम्य हवा, आणि आधी डॉक्टरांशी बोललेलं बरं.

कॅलेंडरपेक्षा हाताची परीक्षा खरी. शेपटीच्या बुडापासून मानेकडे, केसांच्या उलट दिशेने हात फिरवा आणि हात हुंगा. बोटांना चिकट तेलकटपणा आणि खवट वास लागला तर आंघोळीची वेळ झाली. नुसती धूळ लागली तर ब्रश आणि ओलं फडकं पुरे. चिखलात फक्त पाय बरबटले असतील तर फक्त पाय धुवा. चार पंजांसाठी सगळा कुत्रा कशाला भिजवायचा?

आणि आंघोळीनंतर दोन-तीन दिवसांतच वास परत आला, तर पुन्हा धुऊ नका, वास कुठून येतोय ते शोधा. कान हुंगा, तोंड हुंगा. कानातून किंवा पंजांच्या बेचक्यांतून आंबूस वास येत असेल तर बहुधा यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढलंय. मासळीसारखा वास मागच्या बाजूने येत असेल तर गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्या असतील. यातलं काहीही शाम्पूने जात नाही.

ब्रश, म्हणजे खरं काम

एक प्रसंग सांगतो. लांब पांढऱ्या केसांचं एक छोटं कुत्रं आलं. वरून पाहाल तर रेशीम. ताई म्हणाल्या, "रोज ब्रश करते मी," आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. आम्ही कानामागे कंगवा घातला, तो अर्ध्या बोटाच्या आत अडला. खाली नमद्यासारखा घट्ट थर होता, बगलेपासून मानेपर्यंत सलग. तो मशीनने काढला तेव्हा आतली कातडी लाल, ओलसर निघाली. ब्रश रोज फिरत होता, फक्त वरवर.

म्हणून ज्यांचे केस लांब आहेत त्यांनी रेघ पाडून विंचरायला शिका. एका हाताने केस वर उचलून धरा, भांग पाडल्यासारखी कातडीची रेघ दिसू द्या. त्या रेघेखालचे केस मुळापासून टोकापर्यंत विंचरा, मग बोटभर वर सरका, पुन्हा रेघ. पोटाकडून पाठीकडे जायचं. शेवटी बारीक दातांचा कंगवा फिरवा. तो कुठेही न अडता सरकला तरच ब्रश झाला असं समजा. जटा होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: कानामागे, बगलेत, जांघेत, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी. वेळ नसेल त्या दिवशी निदान या पाच जागा बघा.

बारीक तारांचा स्लिकर ब्रश आधी स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहा. तुम्हाला टोचतोय तेवढ्या जोराने त्यालाही टोचणार.

गाठ सापडली तर कात्रीकडे हात नेऊ नका. गाठीच्या ताणाने कातडी तंबूसारखी वर ओढली गेलेली असते आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली ते दिसत नाही. घरच्या कात्रीने झालेल्या जखमा आमच्याकडे नेमाने येतात. गाठ टोकाकडून बोटांनी मोकळी होते का पाहा, नाहीतर तशीच घेऊन या.

दोन थरांच्या कुत्र्यांची अडचण वेगळी. त्यांच्या केसांचं गळणं दिवसाच्या उजेडाच्या लांबीवर बरंच अवलंबून असतं, म्हणून वर्षातून साधारण दोनदा लव पुंजक्यापुंजक्यांनी सुटते. घरात दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्यांचे केस वर्षभर थोडेथोडे गळत राहतात. तेव्हा "केस फार गळतात, याला सरसकट भादरून टाका" अशी मागणी येते. आम्ही ती शक्यतो नाकारतो. एक तर गळणं थांबत नाही, फक्त केस आखूड होऊन कपड्यांत जास्त रुततात. दुसरं, वरचे राठ केस ऊन अडवतात. आणि तिसरं, जे आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं, या जातींत भादरलेले केस कधीकधी महिनोन्‌महिने परत येत नाहीत, आले तर चट्ट्याचट्ट्यांनी येतात. डॉक्टरांना शस्त्रक्रिया करायची असेल किंवा जटा सुटण्यापलीकडे गेल्या असतील तर गोष्ट निराळी.

आंघोळीच्या दिवशी

आधी ब्रश, मग पाणी. उलटं केलंत तर प्रत्येक गाठ भिजून आवळते आणि वाळल्यावर दगड होते.

आंघोळीला घाबरणारे कुत्रे पाण्यापेक्षा घसरण्याला जास्त घाबरतात, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. टबात किंवा फरशीवर रबरी मॅट, नाहीतर ओला टॉवेल अंथरा. पाय रोवायला मिळाले की अर्धी कटकट मिटते.

पाणी कोमट असावं. कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं, त्यापेक्षा थोडं कमीच ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला गरम लागलं नाही पाहिजे. दाट लवेच्या कुत्र्याच्या पाठीवर दोन तांबे ओतून तो भिजत नाही. बोटं केसांत घालून बघा, कातडी कोरडीच असते.

शाम्पू पाण्यात कालवून घेतला तर छान पसरतो, पण लागेल तेवढाच कालवा आणि उरलेला ओतून द्या. पातळ केलेला शाम्पू बाटलीत साठवला तर त्यात जिवाणू वाढतात. आंघोळीत उलटसुलट घासताना ते केसांच्या मुळांत शिरले, तर एखाद-दोन दिवसांत पाठीवर अतिशय दुखरे फोड येतात, कुत्रा सुस्तावतो, ताप चढतो. हे वारंवार होत नाही, पण झालं तर गंभीर असतं. आंघोळीनंतर पाठीला हात लावू देत नसेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. म्हणूनच चोळायचं ते केसांच्या दिशेने, बोटांच्या पेरांनी.

औषधी शाम्पू असेल तर साधारण १० मिनिटं अंगावर राहायला हवा, नाहीतर पैसे मोरीत गेले. घड्याळ लावा. तुमच्या अंदाजाची १० मिनिटं खऱ्या घड्याळात चारच भरतात, आमचीही.

डोकं शेवटी, ओल्या फडक्याने पुसून. डोक्यावर पाणी पडलं की तो अंग झाडणार, आणि ती झटक नाकापासून सुरू होऊन शेपटीपर्यंत जाते. झाडू द्यायचं नसेल तर डोकं अलगद धरून ठेवा. कानाची नळी आत जाऊन काटकोनात वळते, त्यामुळे इअरबडने मळ निघत नाही, आणखी आत ढकलला जातो. दिसतो तेवढाच भाग पुसा.

अंग धुऊन पाणी स्वच्छ वाहायला लागलं की आणखी तेवढाच वेळ धूत राहा. आंघोळीनंतर सुटणारी खाज बऱ्याचदा राहिलेल्या साबणाचीच असते.

आता वाळवणं. सुरुवातीच्या काळात आमच्याच हातून एक चूक झाली. दाट केसांचा मोठा कुत्रा, संध्याकाळची घाई, वरून कोरडा लागला म्हणून सोडला. दुसऱ्या दिवशी फोन आला: मांडीवर चाटून चाटून तळहाताएवढा ओला लाल चट्टा. लव आतून दमट राहिली होती. तेव्हापासून केस फुंकून, कातडीपर्यंत बघूनच कुत्रा बाहेर सोडतो. तुम्हीही टॉवेल खसाखसा चोळू नका, दाबून पाणी टिपा, मग ड्रायर थंड किंवा अगदी कमी उष्णतेवर. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना गरम हवेत फार लवकर धाप लागते, त्यांना एकटं सोडू नका.

गोचीड-पिसवांचं मानेवर टाकायचं औषध लावलं असेल तर त्याच्या आधी आणि नंतर साधारण दोन दिवस आंघोळ नको. पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आंघोळ घालू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्याला ब्रशची आणि पंजे हातात घेऊ देण्याची सवय मात्र त्याच वयात लागते.

जे आंघोळीने सुटत नाही

कुत्रा रोज जी प्रथिनं खातो त्यांचा पाव ते तिसरा हिस्सा कातडी आणि केसांवर खर्च होतो. खाण्यात प्रथिनं किंवा चांगली स्निग्धाम्लं कमी पडली तर केस निस्तेज होणारच, वरून तेल चोळून उपयोग नाही. आहार सुधारला तरी फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, कारण नवीन केस उगवून यायला हवेत.

दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत असतील आणि खाज मात्र नसेल, तर थायरॉइड किंवा दुसऱ्या हार्मोनची तपासणी करून घ्या. शेपटीच्या बुडाशी खाजवत असेल तर बारीक कंगवा फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही पसरला तर माती.

आमच्याकडे येताना औषधी शाम्पू असेल तर बरोबर आणा, मानेवरच्या औषधाची तारीख आठवून ठेवा, आणि झटके, हृदयाचा त्रास, ड्रायरची भीती असं काही असेल तर आधी सांगा. आणि एक विनंती: "एवढा घाणेरडा कसा नेऊ" म्हणून आदल्या दिवशी घरी धुऊन आणू नका. ब्रश न करता धुतलेल्या गाठी सोडवायला आम्हाला दुप्पट वेळ लागतो. घाणेरडाच आणा.