नव्याचे नऊ दिवस का असतात?

आठ वर्षांपूर्वी आम्ही भाड्याच्या दोन खोल्या सोडून बदलापूरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सहावा मजला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर थेट चंदेरीचा डोंगर. पहिले दोन महिने मी चहाचा कप घेऊन त्या खिडकीशीच उभी असायचे. पावसाळ्यात डोंगर हिरवा झाला तेव्हा तर नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. दिवाळीत मावशी राहायला आली, खिडकीशी गेली आणि म्हणाली, "अगं, केवढी भाग्याची आहेस तू!" मला चटका बसल्यासारखं झालं. त्याच खिडकीखाली मी रोज भांडी घासत होते, आणि कित्येक दिवसांत मान वर करून डोंगराकडे पाहिलंच नव्हतं.

नव्याचे नऊ दिवस, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. मानसशास्त्रात या गोष्टीला नाव मिळालं ते १९७१ साली. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल यांनी तिला 'सुखाची ट्रेडमिल' म्हटलं: कितीही चाला, माणूस त्याच जागी. ब्रिकमन यांनी पुढे १९७८ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो फार गाजला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेली २२ माणसं, त्यांच्याच परिसरातली लॉटरी न लागलेली २२ आणि अपघातात शरीर लुळं पडलेली २९ माणसं, अशा तीन गटांची तुलना त्यात होती. लॉटरीवाले इतरांहून फारसे सुखी निघाले नाहीत. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद तर शेजाऱ्यांपेक्षा कमीच भरला.

यावरून 'पैशाने काही होत नाही' आणि 'अपंगत्वाचं दुःखही विरून जातं' असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. अपघातग्रस्तांनी स्वतःच्या सुखाला दिलेले गुण इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. शिवाय माणसं अगदी मोजकी. स्वीडनमध्ये नंतर खूप मोठ्या संख्येने लॉटरी विजेते तपासले गेले. तिथे मोठी रक्कम मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं होतं, मात्र रोजच्या मनःस्थितीत फरक थोडकाच. ज्याच्या घरात महिनाअखेरीला ओढाताण असते त्याला 'पैशात सुख नाही' असं सांगणं हा अन्याय आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पण डोंगर दिसेनासा का होतो? देवघरात उदबत्ती लावली की पाच-दहा मिनिटांत आपल्याला तिचा वास येईनासा होतो, बाहेरून आलेल्याला मात्र दारातच येतो. आपलं नाक बिघडलेलं नसतं, ते पुढच्या वासासाठी मोकळं झालेलं असतं. जे बदलत नाही त्यावर लक्ष खर्च करायचं नाही, ही मेंदूची काटकसर. जंगलात जगलेल्या आपल्या पूर्वजांना तिचाच आधार होता.

सुखाच्या बाबतीत हे कसं घडतं, याचा धागा मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतून हाती लागला. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब पडला की त्याच्या मध्यमेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी एकदम उसळत. मग दर वेळी रसाच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात केली, जसं की दिवा लावणं. माकडाला सवय झाली आणि पेशी दिव्यालाच उसळू लागल्या. रस आला तेव्हा मात्र त्या शांत. दिवा लागून रस आलाच नाही, तर रसाच्या नेमक्या वेळी त्या नेहमीपेक्षाही मंद होत. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासह शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. पगारवाढीचंच बघा ना. पहिल्या महिन्यात बँकेचा मेसेज आपण दोनदा वाचतो. सहाव्या महिन्यात उघडतही नाही. आणि तोच पगार दोन दिवस उशिरा आला, की जीव खालीवर होतो.

डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणायची पद्धत पडली आहे, तीही सोडायला हवी. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी डोपामिन जवळजवळ नष्ट केलेले उंदीर तपासले. ते आपणहून अन्नाकडे जात नसत, समोर असून उपाशी राहत. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं की ते पूर्वीसारखेच जीभ फिरवून ओठ चाटत. म्हणजे हवंहवंसं वाटणं वेगळं आणि गोड लागणं वेगळं. रात्री साडेबारापर्यंत आपण मोबाइलवर अंगठा फिरवत राहतो तेव्हा हवंहवंसं भरपूर असतं. गोडी मात्र कधीच संपलेली असते.

मेंदूला सगळ्याचीच सवय होते, असं मात्र नाही. जर्मनीत हजारो माणसांना वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारले जातात. त्या माहितीत लग्नाने वाढलेलं समाधान सरासरी दोनेक वर्षांत मूळ पातळीवर आलेलं दिसलं. नोकरी गेल्याचा घाव मात्र दुसरी नोकरी लागल्यावरही पूर्ण भरला नाही. रोजचा प्रवासही असाच न मुरणारा. टेक्सासमधल्या नोकरी करणाऱ्या ९०९ स्त्रियांनी आपल्या दिवसाचा तपशील लिहून दिला होता. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो मांडला, तेव्हा सगळ्यांत नकोसा निघाला सकाळचा कामावर जायचा प्रवास. मला याचं कारण पटतं: तो रोज वेगळा त्रास देतो. आज सिग्नल, उद्या पाणी तुंबलेलं, परवा दाराशी लटकणं. ज्याचा अंदाज येत नाही ते अंगवळणी पडत नाही. आम्ही एका जास्तीच्या खोलीसाठी इतकं लांब घर घेतलं. खोलीची सवय महिन्याभरात झाली, सव्वा तासाच्या लोकलची आठ वर्षांत झालेली नाही. जवळचं घर परवडतच नाही अशा लाखो लोकांना हा निवडीचा प्रश्नच नसतो, हेही मला माहीत आहे. म्हणून तर गाड्या वाढवणं हा माझ्या मते सुखाचाच विषय आहे.

मग ओसरलेली गोडी परत आणता येते का? जॉर्डी क्वाबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये चॉकलेटवर केलेला साधा प्रयोग मला फार आवडतो. काहींना आठवडाभर चॉकलेट बंद. काहींना भरपूर चॉकलेट देऊन हवं तितकं खायला सांगितलं. बाकीचे नेहमीसारखे. आठवड्याने सगळ्यांनी पुन्हा चॉकलेट खाल्लं तेव्हा ज्यांचं बंद होतं त्यांना ते सगळ्यांत जास्त रुचलं.

हे वाचलं आणि आई आठवली. बाजारात मार्चपासून पेट्या दिसायच्या, पण अक्षय्यतृतीयेला देवाला आणि पितरांना दाखवल्याशिवाय आंबा आमच्या तोंडात पडत नसे. आम्ही कुरकुरायचो. तृतीयेच्या दुपारी वाटीतला रस बोटाने पुसून संपायचा. आई कोणता प्रयोग करत नव्हती, तिची श्रद्धा होती. पण त्या पहिल्या वाटीची चव आजही माझ्या जिभेवर आहे. नंतर स्वतःच्या पैशांनी आणलेल्या पेट्यांची नाही.

आमच्या खिडकीसमोर गेल्या वर्षापासून एक इमारत चढते आहे. डोंगराचा उजवा खांदा झाकला गेला. तेव्हापासून उरलेल्या डोंगराकडे मी रोज सकाळी पाहते.

आणि माणसं? हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास अजून चालू आहे. त्यात हार्वर्डचे २६८ विद्यार्थी होते, पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं जोडली गेली. सगळे पुरुष, ही त्याची मोठी मर्यादा. तरी निष्कर्ष विचार करायला लावतो: पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीत जास्त निरोगी होते. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून पुढच्या तब्येतीचा अंदाज जास्त चांगला आला. मला वाटतं, माणूस हा मेंदूला कधीच पुरता पाठ होत नाही. सोफा रोज तोच असतो. मैत्रीण आज काय बोलेल ते सांगता येत नाही.

ती ओळखीची असावी लागते असंही नाही. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकल प्रवाशांतल्या काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. गप्प बसणंच सुखाचं, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. आपल्या बायकांच्या डब्यात हे कुणी सांगावं लागत नाही. परवा संध्याकाळी ठाणं गेल्यावर मी पिशवीतून मेथीची जुडी काढली. शेजारी चौथ्या सीटवर टेकलेल्या एका अनोळखी बाईंनी हात पुढे केला, "द्या इकडे थोडी, निवडते." त्यांच्या मुलीची बारावी, माझी पाठदुखी, मेथीचे वाढलेले भाव. कल्याण आलं तेव्हा जुडी निवडून झाली होती.