गंजलेली मागची सबफ्रेम घरी उतरवताना: क्लासिक मिनीच्या मालकांसाठी माहितीपत्रक

1959 ते 2000 या काळात बनलेल्या मिनीची मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं आणि सस्पेन्शन धरणारी, बॉडीला बोल्टने टांगलेली चौकट, गंजतेच. पत्रा दाबून बनवलेल्या पोकळ पेट्या वेल्ड करून ती तयार होते. चाकांनी उडवलेला चिखल थेट तिच्यावर बसतो, पाणी निघून जाण्याची भोकं बुजतात, पेट्यांत ओल राहते आणि गंज आतून बाहेरच्या दिशेने वाढतो. बाहेर रंगाला फुगवटा येईपर्यंत आतला बराचसा पत्रा गेलेला असतो. पुढच्या सबफ्रेमला इंजिनची तेलगळती वाचवते. मागचीच्या नशिबी तेही नाही.

हे काम घरी होण्यासारखं आहे. पण सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका. फ्रेम नवी मिळते. ती ज्या पत्र्याला टांगलेली असते तो पत्रा आणि त्यात वेल्ड केलेले नट हे मात्र गाडीच्या बॉडीचा भाग आहेत, आणि ते बिघडले की काम कित्येक पटींनी वाढतं. म्हणून दोघांपैकी एकाचा बळी द्यायची वेळ आली, तर कापायची ती फ्रेम.

आधी बॉडी तपासा

फ्रेमचं पुढचं टोक मागच्या सीटखालच्या उभ्या पत्र्याला, म्हणजे हीलबोर्डला लागून असतं. मागचं टोक डिकीच्या तळाला, मागच्या खालच्या पट्टीजवळ. स्क्रूड्रायव्हरचं टोक घेऊन हीलबोर्ड, दोन्ही सिलची (दारांखालच्या लांब पेट्यांची) मागची टोकं, डिकीचा तळ आणि बॅटरीचा खड्डा टोचून पाहा. टोक आत गेलं तर तिथे वेल्डिंग आलंच.

हीलबोर्डचा किंवा डिकीच्या तळाचा पत्रा बदलायचा असेल तर फ्रेम उतरवण्याआधी चारही जोडांमधली अंतरं आणि दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. नवा पत्रा पक्का वेल्ड करताना सरळ असलेली एखादी फ्रेम बोल्ट लावून जागेवर धरा. ती साच्याचं काम करते. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने वेल्ड केलेल्या पत्र्यावर नंतर फ्रेमची भोकं जुळत नाहीत, आणि भोकं कानसून मोठी केली की मागची चाकं वाकडी चालतात.

गाडी उचलणं

हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची चाकं निघणार असल्याने त्याचा इथे उपयोग नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. जमीन सपाट आणि पक्की हवी.

स्टँड सिलखालच्या जॅकिंग पॉइंटवर लावू नका. फ्रेम गंजलेल्या गाडीत तेही बहुधा गंजलेले असतात. हीलबोर्डच्या जरा पुढे, तळाच्या पूर्ण रुंदीभर जाडजूड लाकडी तुळई आडवी ठेवा आणि तिच्या दोन्ही टोकांखाली स्टँड लावा. वजन पसरतं, पत्रा चेपत नाही. मागचा भाग इतका उंच घ्या की रेडियस आर्मसकट (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हातांसकट) फ्रेम ट्रॉली जॅकवर खालून बाहेर सरकेल. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

काय काय सोडवायचं

पहिल्यांदा बॅटरीचं कनेक्शन काढा. बॅटरी डिकीत आहे आणि तिची जाड केबल तळाखालून पुढे जाते. पेट्रोलची टाकीही डिकीतच. ग्राइंडर किंवा गॅस टॉर्च वापरावी लागण्याची थोडी जरी शक्यता असेल तरी टाकी रिकामी करून गाडीबाहेर, कामाच्या जागेपासून लांब नेऊन ठेवा. तसंही डाव्या शॉक अब्झॉर्बरचा वरचा नट डिकीतून, टाकीच्या मागे लागतो, त्यामुळे टाकी हलवावीच लागते. जुन्या काही गाड्यांत इलेक्ट्रिक पेट्रोल पंप फ्रेमलाच बसवलेला असतो, तोही पाहून घ्या.

सायलेन्सरचे मागचे हँगर सोडा आणि पाइप खाली घ्या. हँडब्रेकची केबल फ्रेमवरच्या गाइडमधून काढताना रेडियस आर्मवरचा छोटा पंखा, म्हणजे केबल वळवणारा पंख्याच्या आकाराचा तुकडा (क्वाड्रंट), फिरतो का ते बघा. हे पंखे हमखास जाम होतात आणि दोष बिचाऱ्या केबलवर जातो.

ब्रेकच्या पाइपचं युनियन, म्हणजे पाइप जोडणारा नट, गंजून पाइपलाच चिकटलेलं असतं. साध्या पान्याने फिरवलं तर पाइप पिळला जाऊन तुटतो. फ्लेअर नट पाना, म्हणजे नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा पाना, वापरा. तरीही फिरलं नाही तर पाइप युनियनजवळ कापा आणि षटकोनी गोटी पाना लावून युनियन काढा. अशा वयाच्या पाइपवर दया दाखवण्यात अर्थ नाही. तांबे-निकेल मिश्रधातूचा नवा पाइप टाका. उघडं टोक लगेच बुचाने बंद करा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि रंगावर सांडलं तर रंग उतरवतं. ड्रम उघडलेत तर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती ओल्या कापडाने टिपून घ्या.

सस्पेन्शन कोणतं आहे यावर पुढचं काम ठरतं. रबर कोनची, म्हणजे स्प्रिंगच्या जागी रबराचा शंकू असलेली गाडी सोपी आहे. शॉक अब्झॉर्बर सुटला आणि आर्म खाली आला की ॲल्युमिनियमचा स्ट्रट हाताने निघतो. पुढच्या बाजूला लागतं तसं कोन दाबायचं अवजार मागे लागत नाही. 1964 ते 1971 दरम्यानच्या बऱ्याच सलून (वेगळी डिकी असलेल्या) गाड्यांत मात्र हायड्रोलॅस्टिक सस्पेन्शन आहे. त्याच्या पाइपांत दाबाखाली द्रव असतो. तो दाब योग्य यंत्राने उतरवल्याशिवाय एकही जोड सोडू नका. हे यंत्र असलेल्या वर्कशॉपमध्ये हे एवढं काम आधी करून घ्या.

आठ बोल्ट

खरी कसोटी इथे आहे. फ्रेमच्या चार कोपऱ्यांवर चार ट्रनियन, म्हणजे रबर बुश असलेले छोटे ब्रॅकेट असतात. प्रत्येक ट्रनियन बॉडीला दोन बोल्टनी आणि फ्रेमला मधल्या बोल्टने जोडलेला असतो. म्हणजे बॉडीत जाणारे बोल्ट आठ.

आधी पोलादी ब्रशने दिसतील तेवढे आटे साफ करा आणि मग गंज सोडवणारं तेल सोडा. गंजाच्या खपल्यांवर ओतलेलं तेल आट्यांपर्यंत पोचत नाही. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तेल घालत राहा. एका दिवसात उरकायचं ठरवलं की बोल्ट तुटतात.

या गाडीचे बहुतेक बोल्ट यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे आहेत, त्यांना इंची पाना लागतो. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलीमीटर. तिथे 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावताच बोल्टचं डोकं गोल करतो. बारा कोनी गोटी पाना टाळा, सहा कोनी घ्या.

बोल्ट आधी किंचित आवळा. गंजाची पकड तुटल्याचा बारीक आवाज आला की पाव फेरा सोडा, पुन्हा आवळा, तेल घाला, पुन्हा सोडा. जोर अचानक हलका झाला तर लगेच थांबा. एक तर बोल्ट पिळला जातोय, किंवा आतला नट वेल्डमधून सुटून बोल्टबरोबर फिरतोय.

अशा वेळी, किंवा बोल्ट मुळीच हलत नसेल तेव्हाही, बॉडीच्या बोल्टवर आणखी ताकद लावू नका. ट्रनियनचा मधला बोल्ट करवतीने कापा. तोही सापडत नसेल तर फ्रेमचा कोपराच कापा. फ्रेम खाली येते, ट्रनियन बॉडीवर राहतो, आणि समोर मोकळी जागा मिळते. मग त्या बोल्टला निवांत उष्णता देता येते. पलीकडच्या बाजूचं कार्पेट आणि फोम आधी काढा, तळावरचं डांबरी लेपन खरवडा, अग्निशामक हाताशी ठेवा. रबर बुश जळताना निघणारा धूर विषारी असतो, दारं-खिडक्या उघड्या हव्यात.

नट फिरत असेल तर वरच्या पत्र्याला छोटी खिडकी कापून नट पक्कडीने धरा; काम झालं की नट पुन्हा वेल्ड करून खिडकी बंद करा. बोल्ट तुटून खुंट बाहेर राहिला असेल तर त्यावर नवा नट वेल्ड करून फिरवणं हा सगळ्यात चांगला उपाय. वेल्डची उष्णताही मदत करते. खुंट आतच राहिला तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करा. ड्रिल मध्यावरून सरकलं की आटे गेले.

शेवटचे दोन बोल्ट काढण्यापूर्वी फ्रेमच्या मधोमध, फळी घालून, ट्रॉली जॅक लावा. खाली घेताना दुसऱ्या माणसाने फ्रेमचा तोल धरायचा आणि कुठली केबल किंवा पाइप अडकत नाही ना ते पाहायचं.

जुनी वापरायची की नवी घ्यायची

पुढचा किंवा मागचा आडवा भाग छिद्रं पडण्याइतका गेला असेल तर ठिगळं लावण्यात पैसा घालवू नका. आमच्या वर्कशॉपमध्येही अशा फ्रेमला ठिगळ लावून देत नाही. एका ठिगळाशेजारी पुढच्याच पावसाळ्यात दुसरं भोक पडतं, आणि या फ्रेमवर मागची चाकं टांगलेली असतात.

फ्रेम खाली आलीच आहे तर रेडियस आर्मचे पिव्हट तपासा. एका टोकाला नीडल बेअरिंग आणि दुसऱ्या टोकाला ब्रॉन्झ बुश असतो. वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्याने शाफ्टवर खाचा पडतात. नवा बुश ठोकून बसवल्यावर तो मापाला रीम करावा (आतून तासून नेमक्या मापाला आणावा) लागतो, ते काम तयार अवजार असलेल्याकडूनच करून घ्या.

बसवताना

पावडर कोटिंग करून घेत असाल तर आटे आणि ट्रनियन बसायच्या जागा झाकायला सांगा. तिथे जाड थर राहिला तर आवळताना तडकतो आणि त्याखाली पाणी शिरतं. पेट्यांच्या आत मेणाचा फवारा मारा. नुसत्या बाहेरच्या रंगाने आतला गंज थांबत नाही. बॉडीतल्या आट्यांतून टॅप फिरवून घ्या, बोल्ट आणि ट्रनियन सगळे नवे वापरा आणि आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट पुन्हा जाम होऊ न देणारं मलम) लावा. आठही बोल्ट हाताने दोन-तीन फेरे बसल्याशिवाय एकही आवळू नका. ब्रेकमधली हवा काढा, हँडब्रेक सर्वात शेवटी जुळवा. मागच्या चाकांचा टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) सुमारे 3 मिलीमीटर असतो, तो मोजून घ्या. गाडी शंभरेक किलोमीटर चालली की सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

फ्रेम आमच्याकडे ब्लास्टिंगला (कणांचा मारा करून गंज काढायला) पाठवणार असाल तर आर्म, रबर कोन, ब्रेकचे पाइप आणि बुश काढून पाठवा. ग्रीस आणि डांबरी लेपन खरवडून काढलेलं हवं, कारण ब्लास्टिंगचे कण त्यावरून उसळतात आणि खालचा गंज तसाच राहतो. जुने ट्रनियन तुटलेले असले तरी सोबत द्या, नव्या ट्रनियनची भोकं त्यांच्याशी जुळवून पाहता येतात.