वणव्यानंतर मूरलँड सावरणं (पीक डिस्ट्रिक्ट, इंग्लंड)

मूरलँड म्हणजे ब्रिटनमधले उंचावरचे ओलसर, वाऱ्याचे, जवळजवळ झाडं नसलेले माळ. वरती हेदरची खुरटी जांभळ्या फुलांची झुडपं, बिलबेरी, कॉटनग्रास, स्फॅग्नम नावाचं शेवाळ, आणि खाली पीट. पीट म्हणजे कायम पाण्यात राहिल्यामुळे पूर्ण न कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर. तो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर पीट साठायला साधारण हजार वर्षं लागतात आणि एका कोरड्या उन्हाळ्यातल्या वणव्यात त्यातला बराचसा भाग जाऊ शकतो. अशा जळालेल्या जमिनीवर नंतर काय करायचं याचा सगळ्यात मोठा अनुभव इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कात आणि त्याच्या आसपासच्या पेनाइन डोंगरांत जमलाय, म्हणून ही नोंद मुख्यतः तिथलीच.

आपल्याकडे सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात, गवत जळतं, रोपं आणि पक्ष्यांची अंडी जातात, नुकसान होतंच, पण जूनमध्ये पाऊस आला की डोंगर परत हिरवा होतो कारण माती स्वतः पेटत नाही. मूरवर मातीच जळणाऱ्या पदार्थाची असते. वरची ज्वाला विझली तरी पीट आतल्या आत धुमसत राहतं, कधी कधी आठवडेच्या आठवडे, आणि वारा सुटला की थोडं लांब परत वर येतं, त्यामुळे अग्निशमनवाल्यांना नुसतं पाणी मारून चालत नाही तर चर खणावे लागतात, जमीन खोलवर भिजवावी लागते.

जून २०१८ मधली सॅडलवर्थ मूरची आग बहुतेकांना आठवत असेल. मँचेस्टरच्या पूर्वेला लागलेली ही आग इतकी पसरली की कारब्रुक गावातली घरं रिकामी करावी लागली आणि मदतीला सुमारे १०० सैनिक बोलवावे लागले, त्याच सुमारास मँचेस्टरच्या वायव्येचा विंटर हिल हा डोंगरही पेटलेला होता. धुराचा नंतर अभ्यास झाला त्यात सुमारे ४५ लाख लोकांना किमान एक दिवस तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा जास्त सूक्ष्म कणांची हवा मिळाली असं निघालं. डोंगरावरच्या आगीचा शहराशी काय संबंध असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मार्सडन मूरवर तर त्यानंतर २०१९ आणि २०२१ मध्येही मोठ्या आगी लागल्या. यातल्या बहुतेक आगी माणसामुळेच लागतात, डिस्पोजेबल बार्बेक्यू (एकदा वापरून टाकायची कोळशाची शेगडी), शेकोटी, कधी मुद्दाम लावलेली.

पण इथलं दुखणं आगीच्याही आधीचं आहे. १९व्या शतकापासून मँचेस्टर, शेफील्डच्या कारखान्यांचा धूर थेट या डोंगरांवर येत होता. (यातल्याच कापड गिरण्यांना अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, मुंबई बंदरातून आपल्याकडचा कापूस जायचा.) त्या धुरातल्या गंधकाने स्फॅग्नम मेलं, शिसं पीटमध्ये साठलं, पुढे मेंढ्या फार झाल्या, घळी खोल होत गेल्या, पाणी वाहून जायला लागलं आणि माळ कोरडा पडला. ब्लीकलो (६३३ मीटर) आणि ब्लॅक हिल (५८२ मीटर) यांच्या माथ्यांवर तर मैलोन् मैल उघडा काळा चिखल होता. २००३ मध्ये ब्लीकलोवर मोठी आग लागली आणि त्याच वर्षी मूर्स फॉर द फ्यूचर ही भागीदारी उभी राहिली, त्यात नॅशनल पार्क, नॅशनल ट्रस्ट (निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणारी संस्था), पक्षी संरक्षण संस्था आणि पाणीपुरवठा कंपन्या आहेत. पाणी कंपन्यांना यात रस असण्याचं कारण साधं आहे, धरणं या मूरच्या पायथ्याशी आहेत, वरून पीट धुपून आलं की धरणात गाळ भरतो आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं, ते स्वच्छ करायला खर्च येतो.

आधी बघायचं, मग हात लावायचा

आग विझल्यावर पहिलं काम म्हणजे कुठे किती खोल जळलंय ते चालत जाऊन बघणं. नुसतं वरचं झुडूप जळलं असेल तर हेदर मुळातून फुटतं, जमिनीतलं त्याचं बारीक बी कित्येक वर्षं जिवंत असतं, तिथे मेंढ्या बाहेर ठेवल्या की बऱ्याचदा पुरतं. अशा जागी घाईने बियाणं फेकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे पीटच जळलंय तिथे मात्र बी आणि मुळं दोन्ही गेलेली असतात, आणि कुंडीतलं कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत न जाता वरून ओघळतं तसंच इथेही होतं. मग पाऊस, वारा आणि हिवाळ्यातला बर्फ मिळून तो थर सुटा करतात आणि वाहून नेतात. अशा उघड्या जागी काम्पिलोपस हे बाहेरून आलेलं शेवाळ लवकर पसरतं, त्याचा गालिचा झाला की बाकीच्यांना शिरकाव अवघड जातो.

उघड्या पीटवर आधी आच्छादन लागतं. दुसऱ्या निरोगी मूरवरचं हेदर शरद ऋतूच्या शेवटी, बी पिकल्यावर कापतात, मोठ्या पोत्यांत भरून हेलिकॉप्टरने वर नेतात आणि हाताने पसरतात. या कापलेल्या फांद्यांमुळे माती दबून राहते, ओल टिकते, आणि त्यांच्याबरोबर बी, शेवाळाचे तुकडे, मुळांशी राहणारी बुरशी असं सगळंच येतं. तीव्र उतारावर फांद्या टिकत नाहीत, तिथे तागाची विरळ विणीची जाळी खुंट्या मारून अंथरतात, ती काही वर्षांत आपोआप कुजते. जगातला बहुतेक ताग बंगालच्या खोऱ्यात, भारत आणि बांगलादेशात पिकतो.

त्यानंतर चुना, खत आणि लवकर वाढणाऱ्या गवताचं बी. उघड्या पीटचा सामू ३ च्या आसपास, इतक्या आंबट जमिनीत काही रुजत नाही म्हणून चुना. हे गवत मूरचं नाही आणि म्हणूनच अनेकांना खटकतं, पण त्याचं काम तात्पुरतं आहे, मुळांनी माती धरून ठेवायची आणि मागून येणाऱ्या हेदरला आडोसा द्यायचा. एक-दोन वर्षं चुना-खताची मात्रा परत देतात, ती थांबवली की गवत हळूहळू मागे हटतं. मधल्या मोकळ्या जागांत कॉटनग्रास, बिलबेरी, क्रोबेरीची छोटी रोपं हाताने लावतात.

पाणी अडवणं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि बाहेरून ते सगळ्यात कमी दिसतं. घळींमध्ये दगडाचे, लाकडाचे, पीटचे किंवा हेदरच्या गठ्ठ्यांचे छोटे बांध एकामागोमाग घालतात, त्यामागे गाळ आणि पाणी साठतं आणि आसपासची पाण्याची पातळी वर येते. आपल्याकडे ओढ्यावर दगडी बांध घालणाऱ्यांना हे लगेच कळेल, फरक इतकाच की इथे पाणी विहिरीला नको असतं, जमीन कायम भिजलेली राहावी म्हणून हवं असतं. जमीन ओली झाली की मग स्फॅग्नम लावायचं, ते आता प्रयोगशाळेत वाढवून छोट्या गड्ड्यांच्या रूपात मिळतं. ते स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं आणि नवं पीट मुख्यतः त्याच्यापासूनच तयार होतं. किंडर स्काउट या पीक डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्यात उंच माथ्यावर मोजमाप करून बघितलं तर हिरवळ आणि बांधांमुळे मुसळधार पावसात खाली येणारा लोंढा कमी झाला आणि उशिरा आला.

जाळायचं की नाही

ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी मूरचे मालक पिढ्यान् पिढ्या हिवाळ्यात हेदरचे पट्टे जाळत आलेत, जुनं हेदर साठू न दिल्याने मोठा वणवा टळतो असं त्यांचं म्हणणं. विरोधी बाजू म्हणते की वारंवार जाळल्याने मूर कोरडा होतो आणि कोरडा मूरच पेटतो. २०२१ च्या नियमांनी इंग्लंडमध्ये संरक्षित जागी ४० सेंटीमीटरपेक्षा खोल पीटवर परवान्याशिवाय जाळायला बंदी आली होती, २०२५ मध्ये हा नियम आणखी कडक झाला. खोल पीटवर मला ओलं करण्याचा मार्गच पटतो, पण ओलावा परत यायला बरीच वर्षं लागतात आणि तोपर्यंत वाळलेलं मोलिनिया गवत दर वसंतात पेटायला तयार असतं, त्यामुळे रस्त्यांच्या कडेला कापून पट्टे मोकळे ठेवणं, बार्बेक्यूवर बंदी, कोरड्या दिवसांत गस्त हे सोडून चालत नाही.

ब्लॅक हिलचा माथा आज हिरवा आहे. पण अशा कामांचे प्रोजेक्ट बहुतेक ठरावीक वर्षांच्या निधीवर चालतात, ती वर्षं संपली की मेंढ्यांचं कुंपण दुरुस्त करायला आणि फुटलेला बांध शोधायला वर कोणी जाईल याची तजवीज सुरुवातीलाच करून ठेवावी लागते.