ट्रिगर फ्रेम, ऑटोकॉकर मार्करची

ट्रिगर फ्रेम : पेंटबॉल मार्करला, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या (पेंटबॉल) हवेच्या दाबाने झाडणाऱ्या बंदुकीला, खालून जोडलेली मूठ, तिच्यात बसलेला चाप आणि चापाभोवतीची कडी मिळून झालेला भाग. बहुतेक मार्करमध्ये ही फ्रेम दोन-तीन स्क्रूंवर टांगलेली असते आणि काढून दुसरी लावता येते, म्हणून हौशी खेळाडूचा हात लवकरच तिच्याकडे वळतो. येथे मुख्यतः ऑटोकॉकर या मार्करच्या फ्रेमचा विचार केला आहे. चाप नुसता हलका केला आणि काम भागले, असे त्याच्या बाबतीत कधीच होत नाही.

पेंटबॉलच्या साधनाला मार्कर म्हणतात ते केवळ सभ्यपणापोटी नव्हे. नेल्सन पेंट कंपनीसाठी डेझी या एअरगन बनवणाऱ्या कंपनीने तयार केलेले ‘नेलस्पॉट ००७’ हे तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करण्याचे अवजार होते. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे १२ जण हेच अवजार घेऊन रानात उतरले आणि खेळ सुरू झाला. त्या दिवशी जिंकणाऱ्याने एकही पेंटबॉल झाडला नव्हता. पुढे सेकंदाला किती पेंटबॉल सुटतात यावर खेळाडूंनी जो पैसा ओतला, तो पाहता ही गोष्ट गमतीची वाटते.

ऑटोकॉकरचा जन्म पंप मार्करमधून झाला. कॅलिफोर्नियातील बड ऑर यांच्या वॉर गेम प्रॉडक्ट्सचा ‘स्नायपर’ हा मार्कर प्रत्येक वेळी हाताने पंप ओढून सज्ज करावा लागे. या पंपाच्या जागी पुढच्या बाजूला हवेवर चालणारी छोटी यंत्रणा बसवली आणि मार्कर स्वतःच सज्ज होऊ लागला. नावाचा अर्थही तोच : ‘ऑटो’ म्हणजे आपोआप, ‘कॉक’ करणे म्हणजे सज्ज करणे. परंतु हाताचे काम गेले ते चापाच्या गळ्यात पडले, आणि जुळवणीची सगळी कटकट तिथून सुरू होते.

चाप मागे जाताना आधी सिअर नावाचा खटका हलतो. त्यावर अडकलेला हॅमर, म्हणजे आपल्याकडच्या बंदुकीच्या भाषेत घोडा, सुटतो, व्हॉल्व्हवर आदळतो आणि पेंटबॉल बाहेर पडतो. चाप आणखी मागे गेला की त्याला जोडलेली सळई, म्हणजे टायमिंग रॉड, हवेची वाट बदलणाऱ्या थ्री-वे व्हॉल्व्हची दिशा बदलतो. हवा रॅम नावाच्या दट्ट्यात शिरते आणि मार्करच्या पाठीमागचा बॅकब्लॉक मागे ढकलला जातो. त्याच्याबरोबर पेंटबॉल नळीत ढकलणारा बोल्ट उघडतो, नवा पेंटबॉल खाली पडतो आणि हॅमर पुन्हा सिअरवर अडकतो. बोट सोडले की बॅकब्लॉक पुढे येऊन बोल्ट बंद करतो. चाप दाबून धरला तर ब्लॉक मागेच थांबलेला दिसतो. थोडक्यात, एका ओढीत दोन कामे, आणि तीही ठरलेल्या क्रमाने.

हा क्रम लावणे म्हणजेच ‘टायमिंग’. हॅमरच्या खाली लग नावाचा स्क्रू असतो. बॉडीच्या वरच्या भोकातून अ‍ॅलन की घालून तो फिरवतात. लग खाली उतरवली की सिअरवरची पकड खोल होते व हॅमर उशिरा सुटतो. ती वर घेतली की चाप हलका लागतो, पण जास्त वर गेली तर हॅमर अडकतच नाही, किंवा मार्करला धक्का बसताच सुटतो. थ्री-वे कधी पलटेल हे टायमिंग रॉडच्या लांबीवर ठरते. थ्री-वे हॅमर सुटण्याआधी पलटला, तर बोल्ट उघडत असतानाच व्हॉल्व्ह फुटल्यासारखी हवा सोडतो, ती वर लोडरमध्ये, म्हणजे पेंटबॉलच्या डब्यात, घुसते आणि पेंटबॉलला जोरच मिळत नाही. फार उशिरा पलटला, तर चाप मागे टेकतो तरी ब्लॉक हलत नाही. जाणकार रिकाम्या मार्करचा चाप अगदी सावकाश ओढून पाहतात : आधी ‘टक’ ऐकू आला पाहिजे, मग किंचित अंतराने ब्लॉक हलला पाहिजे. डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवण्याचे हे काम आहे.

एवढे साधल्यावर फ्रेममधल्या बारीक स्क्रूंची पाळी येते. पुढचा स्क्रू चापाची सुरुवातीची निकामी ओढ कमी करतो, मागचा स्क्रू काम झाल्यानंतरची. पुढचा अति कसला तर थ्री-वे पूर्ण परतत नाही आणि ब्लॉक उघडाच राहतो. नवशिके उलटा क्रम धरतात : टायमिंगला हात न लावता स्क्रू कसत जातात आणि मार्कर पेंटबॉल चिरडू लागला की बोल्टला दोष देतात. खेळातल्या घाईत बोट पूर्ण मागे किंवा पूर्ण पुढे गेले नाही तरी हेच घडते. म्हणून मागे थोडी मोकळी जागा ठेवलेली बरी. जागेवर बसलेला स्क्रू थरथरीने सैल होऊ नये यासाठी निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरतो.

फ्रेम बदलण्यातली जुनी निवड सरकता चाप की बिजागरीचा, ही आहे. सरकता चाप पट्टीसह सरळ मागे जातो. त्याच्या घासणाऱ्या कडा पॉलिश केल्या तर तो लोण्यासारखा चालतो, नाहीतर खरखरतो. बिजागरीचा चाप पिनेवर झुलतो. तरफेमुळे त्याला कमी जोर लागतो, मात्र पिनेत ढिलेपणा आला की तो डावीउजवीकडे डुलतो. दोन बोटांनी आळीपाळीने चाप मारण्याची पद्धत रूढ झाल्यावर रुंद कडीच्या, लांब चापाच्या फ्रेम आल्या. ब्रिटिश कंपनी प्लॅनेट इक्लिप्सच्या ‘ई-ब्लेड’ने तर चापाला केवळ स्विच बनवले. क्रम सर्किट बोर्ड सांभाळू लागला आणि टायमिंग रॉडची गरज संपली.

विजेच्या फ्रेमने एक दुखणे घालवून दुसरे आणले. स्विच फार नाजूक ठेवला तर मार्करच्या स्वतःच्या धक्क्यानेच तो पुन्हा दाबला जातो आणि एका ओढीत दोन-तीन पेंटबॉल सुटतात. त्यावर बोर्डातील ‘डीबाउन्स’, म्हणजे लागोपाठची दाब न मोजण्याची वेळ, वाढवणे हा उपाय. टिपमन या कंपनीच्या मार्करांच्या ‘रिस्पॉन्स ट्रिगर’मध्ये वीज नसते. उरलेला वायू एका लहान सिलिंडरमध्ये जाऊन चाप पुढे ढकलतो, आणि बोटाचा दाब नेमका साधला तर मार्कर जवळजवळ आपोआप झाडत राहतो.

कोणतीही फ्रेम उघडण्याआधी लोडर उतरवणे, टाकी काढून आतली हवा झाडून टाकणे आणि बॅरलवर कापडी टोपी चढवणे आवश्यक आहे. मैदानांवर वेगाची मर्यादा बहुधा सेकंदाला ३०० फूट (सुमारे ९१ मीटर) किंवा त्याहून कमी असते. हा वेग हॅमरच्या स्प्रिंगवर आणि हवेच्या दाबावर ठरतो, चाप हलका केल्याने वाढत नाही. लोणावळा-पुणे परिसरातील साहसी उद्यानांत मिळणारे भाड्याचे मार्कर टणक व साध्या बनावटीचे असतात आणि त्यांची फ्रेम गिऱ्हाइकाने उघडायची नसते.

अलीकडे अमेरिकेत फक्त यांत्रिक मार्करांचे सामने पुन्हा होऊ लागले आहेत. त्यामुळे विजेवर चालणाऱ्या मार्करची फ्रेम उतरवून त्याजागी बॅटरीविना चालणारी यांत्रिक फ्रेम बसवणारे खेळाडूही दिसतात.