पन्नास शब्दांचं शुद्धलेखन

न्यू जर्सीत एडिसनला माझी मामी राहते. जाऊन पस्तीस वर्षं झाली. औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडचा मुलगा आडनाव विचारतो, मामी सांगते, "पाटील." तो 'बी'खाली शोधतो आणि म्हणतो, नाव नाहीये. मामी पुन्हा सांगते, या वेळी मोठ्यानं, तो बहिरा असल्यासारखं. मग मागून लेक पुढे होते. "आई, थांब, मी सांगते." ती 'फाटील'च्या जवळपासचं काहीतरी म्हणते आणि औषधाची पुडी पुढे येते.

यात गुन्हा कुणाचाच नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा 'प' श्वासाच्या झोतासकट येतो, जवळपास आपल्या 'फळा'तल्या फ-सारखा. झोत नसलेला मराठी 'प' त्या कानांना 'ब' वाटतो. पण गाडीत बसल्यावर मामी बराच वेळ बोलत नाही, आणि लेक चिडलेली असते ती नक्की कुणावर, हे तिलाही सांगता येत नाही.

इंग्रजी ऐकून किंवा लिहून घेऊन माणसाला दारात अडवण्याची रीत सव्वाशे वर्षं जुनी आहे, आणि तिच्या सुरुवातीला हिंदुस्थानी माणसंच आहेत. डिसेंबर 1896 मध्ये मुंबईहून सुटलेली 'कुरलँड' आणि 'नादेरी' ही जहाजं डर्बनला पोचली. 'कुरलँड'वर गांधी होते. प्लेगचं कारण सांगून प्रवाशांना आठवडे न् आठवडे जहाजावरच ठेवलं. 13 जानेवारी 1897 ला ते उतरले, तेव्हा जमावानं गांधींना मारहाण केली. डर्बन हे नाताळ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतीचं बंदर. तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना हिंदी व्यापारी नको होते. अडचण एवढीच, की हे हिंदी लोकही राणीचेच प्रजाजन. 'हिंदी माणसाला बंदी' असं कायद्यात लिहिलेलं लंडनला चाललं नसतं. मग त्याच वर्षी नाताळनं कायदा केला, त्यात वर्णाचा उल्लेखच नाही: ज्याला एका ठरावीक नमुन्याचा अर्ज युरोपीय भाषेत लिहिता येणार नाही, त्याला प्रवेश नाही. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेननं त्याच वर्षी लंडनला जमलेल्या वसाहतींच्या पंतप्रधानांपुढे हाच मार्ग ठेवला. साप मेला, काठीही शाबूत.

ऑस्ट्रेलियानं तो 1901 मध्ये उचलला आणि पार टोकाला नेला. बंदरावरचा अधिकारी युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवणार, आणि आलेल्यानं तो लिहून काढायचा. शाळेत गुरुजी शुद्धलेखन घालायचे, तसंच. फरक इतकाच, की कुठल्या भाषेत घालायचं ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. ज्याला इंग्रजी येतं, त्याला दुसरी भाषा. 1909 नंतर ही परीक्षा जवळपास कुणीच पास झालं नाही. 1934 मध्ये प्रागचा पत्रकार एगॉन किश, हिटलरविरोधी आणि कम्युनिस्ट, तिथे पोचला. त्याला अनेक भाषा येत होत्या, म्हणून त्याला शुद्धलेखन घातलं स्कॉटिश गेलिकमध्ये! ही भाषा कायद्याच्या अर्थानं युरोपीय भाषा नव्हे, असं हायकोर्टानं ठरवलं आणि सरकारचं हसं झालं. तरीही परीक्षा रद्द व्हायला 1958 उजाडलं.

अमेरिकेची वाट थोडी वेगळी. तिथे 1906 पासून नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणं सक्तीचं झालं, लिहिण्या-वाचण्याची अट 1950 मध्ये आली. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं आणि जर्मन बोलणाऱ्या घरांवर संशयाची नजर वळली. 1918 मध्ये आयोवाच्या गव्हर्नरनं शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायला बंदी केली. नेब्रास्कात दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून रॉबर्ट मेयर या शिक्षकाला 25 डॉलर दंड झाला. 1923 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. निकाल चांगला लागला, पण तोवर कित्येक घरांत आजीची भाषा दिवाणखान्यातून माजघरात गेली होती.

आपली माणसं अमेरिकेत मोठ्या संख्येनं गेली ती तिथल्या 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर. डॉक्टर, इंजिनिअर, पुढे संगणकवाले. यांना इंग्रजी येत होतं, बहुतेकांचं शिक्षणच त्यात झालेलं. त्यांच्या वाट्याला आली ती वेगळी परीक्षा, उच्चारांची. तिचा सगळ्यात बोलका खटला मात्र एका फिलिपिनो माणसाचा आहे. मॅन्युएल फ्रागान्टे यांनी होनोलुलूच्या वाहन परवाना कार्यालयात कारकुनाच्या जागेसाठी लेखी परीक्षा दिली आणि 721 उमेदवारांत पहिले आले. मुलाखतीनंतर नोकरी नाकारली, कारण उच्चार. त्यांचं व्याकरण बिनचूक आहे, उच्चार कानावर पडताच समोरचे लोक ऐकणं सोडून देतात, अशी साक्ष भाषातज्ज्ञानं दिली. काउंटरवर लोकांशी बोलण्याचं काम आहे, उच्चार आड येऊ शकतात, म्हणून 1989 मध्ये अपील कोर्टानं निकाल फ्रागान्टेंच्या विरोधात दिला. म्हणजे ऐकणाऱ्यानं कान मिटले आणि दंड भरला बोलणाऱ्यानं. मला हा निकाल आजही पटत नाही.

पहिल्या पिढीमागून बायका आल्या, मग आई-वडील. खरी ओढाताण या माणसांची. त्यांच्यासाठी दुभाषी कोण? घरातलं पोर. बँकेत, शाळेत, डॉक्टरकडे. आईची गर्भाशयाची तक्रार दहा वर्षांच्या मुलानं डॉक्टरला समजावून सांगायची, हे कितीतरी स्थलांतरित घरांत घडलेलं आहे. 2000 मध्ये क्लिंटन यांनी सरकारी कामात भाषेची मदत देण्याचा आदेश काढला. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी, तातडीची वेळ सोडून, अल्पवयीन मुलांना दुभाषी करू नये हा नियम यायला मात्र 2016 साल लागलं.

चक्र आता पुन्हा उलटं फिरतंय. 1 मार्च 2025 ला ट्रम्प यांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा म्हणून जाहीर केलं आणि क्लिंटन यांचा तो आदेश मागे घेतला. जूनपासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी कमी पडलं, तर ट्रकचालकाला तिथेच थांबवलं जाऊ लागलं. या धंद्यात पंजाबी पुष्कळ. मूळ नियम जुनाच, अंमल सैल होता तो आवळला. पाटी वाचता आली पाहिजे हे कुणीही मान्य करील, मीही. पण किती इंग्रजी म्हणजे पुरेसं, हे पुन्हा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात आहे.

जाता जाता आपल्या घरातलंही. मामीच्या मंडळात एका नव्या सुनेच्या इंग्रजीवर मी हसू ऐकलंय, आणि हसणाऱ्यांत मामी होती. "व्हर्नाक्युलरवाली दिसते," असं कुणीतरी म्हणालं. हा शब्द काही अमेरिकेनं शिकवला नव्हता, तो पुण्याहून सामानातच गेला होता.

मामीनं नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हा ती साठीपलीकडे होती. वय पन्नासच्या पुढे आणि ग्रीन कार्डावर वीस वर्षं राहणं झालेलं असलं, की इंग्रजीची अट माफ असते. दुभाषी घेऊन ती मराठीत उत्तरं देऊ शकली असती. लेकीनं तसं सुचवलंही. मामी म्हणाली, "काही गरज नाही." महिनाभर रोज दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेघांची वही घेऊन बसायची. वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष होते, हे इंग्रजीतून, पानंच्या पानं. ती वही अजून फ्रीजवर आहे, आता तिच्यात किराण्याची यादी असते, मराठीत.